फौजेतून निघालेली शिकारी रायफल

लष्करी रायफल आणि शिकारी रायफल यांची यंत्रणा पुष्कळदा एकच असते. निराळी असते ती बाकीची घडण. १८९८ साली जर्मन सैन्याने स्वीकारलेली माउझर रायफल सव्वा मीटर लांब होती. नळीवर जवळजवळ टोकापर्यंत लाकडाचे आवरण होते, कारण सततच्या गोळीबाराने नळी तापली तरी सैनिकाचा हात भाजता कामा नये. पुढे संगीन अडकवण्याची सोय होती. मागच्या साइटवर दोन हजार मीटरपर्यंतचे आकडे कोरलेले होते, कारण एका सैनिकाने नव्हे तर सबंध तुकडीने दूरच्या जमावावर एकदम गोळ्या झाडाव्यात अशी त्या काळची युद्धविद्या होती. चाप जड आणि दोन टप्प्यांत ओढावा लागणारा असे, म्हणजे घाबरलेल्या किंवा थंडीने बधिर झालेल्या बोटाने रायफल चुकून सुटू नये. शिकाऱ्याला यातले बहुतेक काही नको असते. तो दोनशे मीटरच्या आत, दिवसाकाठी एखादी गोळी झाडतो, पण रायफल दिवसभर खांद्यावर वागवतो. त्याला हलकी, आखूड, चटकन खांद्याला लागणारी आणि हलक्या चापाची रायफल हवी असते. लष्करातून निघालेली स्वस्त रायफल घेऊन तिच्यावरचे अनावश्यक ते उतरवायचे आणि शिकाऱ्याला हवे ते चढवायचे, हा धंदा विसाव्या शतकात जगभर चालला. अशी बदललेली रायफल अमेरिकेत ‘स्पोर्टर’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

या प्रथेची मुळे बोल्टच्या, म्हणजे दांडा हाताने मागे-पुढे ओढून भरायच्या, रायफलीपेक्षा जुनी आहेत. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले तेव्हा घरी परतणाऱ्या सैनिकांना आपली बंदूक सरकारकडून विकत घेण्याची मुभा मिळाली. तोंडाकडून भरायच्या मस्केटसाठी सहा डॉलर कापून घेतले जात. त्यांतल्या पुष्कळ बंदुकांच्या नळ्या कापून, आतून गुळगुळीत करून, छऱ्याच्या बंदुका म्हणून शेतावर वापरल्या गेल्या. युरोपात बेल्जियममधील लिएज हे बंदूक कारागिरांचे जुने शहर. फ्रान्सने १८६७ मध्ये जुन्या मस्केटांना मागच्या बाजूला झडप बसवून ‘ताबातिएर’ रायफली तयार केल्या होत्या. त्या काही वर्षांतच कालबाह्य झाल्या. लिएजच्या कारागिरांनी त्या विकत घेतल्या, १२ बोरच्या एकबारी छऱ्याच्या बंदुका करून ‘झुलू’ या नावाने अमेरिकेत आणि आफ्रिकेत विकल्या. गरीब शेतकऱ्याच्या हाती आलेली ती सर्वांत स्वस्त बंदूक होती. पुढच्या शंभर वर्षांच्या व्यापाराचा सांगाडा इथेच दिसतो. सैन्य एका नमुन्यावरून दुसऱ्यावर जाते, लाखो नग एकाच वेळी निरुपयोगी ठरतात, व्यापारी ते वजनाच्या भावात उचलतो आणि कारागीर त्यांना नवे काम देतो.

१८८०च्या दशकात बिनधुराची दारू आली आणि हे सैन्यबदल फार वेगाने होऊ लागले. पंधरा वर्षांत एकेका सैन्याने दोन-दोन, तीन-तीन नमुने बदलले. त्याच काळात बोल्ट असलेल्या यंत्रणेला पक्के रूप मिळाले. ओबर्नडॉर्फ येथील पाउल माउझर यांच्या १८९८च्या रचनेत बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन भक्कम खुंट होते आणि मागे तिसरा, राखीव खुंट होता. रिकामे काडतूस ओढून काढणारी लांब नखी काडतुसाची कड घट्ट पकडून ठेवी. काडतूस फुटलेच तर निघणारा वायू नेमबाजाच्या डोळ्यापासून दूर वळवण्याची सोय केलेली होती. युद्धातल्या चिखलात आणि धुळीत चालावी म्हणून केलेली ही रचना जंगलात शिकाऱ्यालाही तितकीच विश्वासाची वाटली. आजही बऱ्याच उत्तम शिकारी रायफली याच आराखड्यावर बनतात. जुन्या लष्करी माउझरला शिकाऱ्यांनी जवळ केले ते निव्वळ स्वस्ताईमुळे नव्हे. एखाद्या खासगी कारखान्याला परवडली नसती अशी पोलादाची घडाई आणि घासकाम त्या रायफलीत सरकारी पैशाने आधीच झालेले होते.

अमेरिकेत या प्रथेला प्रतिष्ठा मिळाली ती थिओडोर रूझवेल्ट यांच्यामुळे. स्पेनबरोबरच्या १८९८च्या युद्धात स्पॅनिश सैनिकांच्या ७ मिलिमीटर माउझर रायफलींनी अमेरिकी सैन्याला आपली क्रॅग-यॉर्गेनसेन रायफल अपुरी असल्याचे दाखवून दिले होते. त्यानंतर माउझरच्याच तत्त्वांवर १९०३ची स्प्रिंगफील्ड रायफल तयार झाली आणि त्याबद्दल अमेरिकी सरकारला माउझर कंपनीला स्वामित्वधनही द्यावे लागले. रायफल स्वीकारली गेली त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागाराकडून स्वतःसाठी शिकारी दस्त्याची एक रायफल करवून घेतली. १९०९ मध्ये ते स्मिथसोनियन संस्थेसाठी प्राणी गोळा करायला पूर्व आफ्रिकेत गेले तेव्हा आपल्या मापाचा दस्ता आणि साइट बसवलेली स्प्रिंगफील्ड त्यांच्याबरोबर होती. परतल्यावर १९१० मध्ये त्यांचे आफ्रिकेतील शिकारीचे पुस्तक निघाले आणि अमेरिकेतील नेमबाजांना कळले की सैनिकाच्या रायफलीने सिंहही मारता येतो.

त्या पुस्तकाच्या वाचकांत न्यूयॉर्कचे एक फर्निचर कारागीर होते, सीमोर ग्रिफिन. त्यांनी एक स्प्रिंगफील्ड मिळवली, तिचे सरकारी लाकूड काढून टाकले आणि अक्रोडाच्या लाकडाचा नवा दस्ता घडवला. मित्रांनी तसेच दस्ते मागायला सुरुवात केली. १९२३ मध्ये लष्करी शस्त्रागारातून आलेले लोहकामाचे जाणकार जेम्स हाउ यांच्याबरोबर त्यांनी ‘ग्रिफिन अँड हाउ’ ही पेढी काढली. तिच्या उभारणीमागे कर्नल टाउनसेंड व्हेलेन या लष्करी अधिकाऱ्याचे प्रोत्साहन होते. अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी १९३३-३४च्या आफ्रिका दौऱ्यात वापरलेली .३०-०६ बोरची स्प्रिंगफील्ड याच पेढीची. त्याआधी लॉस एंजेलिसमध्ये वुंडहॅमर नावाचे कारागीर असेच दस्ते बसवत होते. फिलाडेल्फियात सेजली यांचा कारखाना स्प्रिंगफील्डच्या रिसीव्हरवर, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या पोलादी भागावर, शिकारी रायफली बांधून विकत असे. अमेरिकेत जिला आज उत्तम हस्तकारागिरीची रायफल म्हणतात तिचा साधा, सरळ रेषेचा, बारीक चौकडीच्या नक्षीचा दस्ता या स्प्रिंगफील्डवर काम करणाऱ्या पिढीने घडवला. इंग्लंडमधील बंदूक कारागिरीला दोनशे वर्षांची परंपरा होती. अमेरिकेत ती सरकारी रायफलीवर हात बसवत तयार झाली, ही या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना मानायला हवी.

सरकारचा सहभाग केवळ अप्रत्यक्ष नव्हता. नागरिकांना नेमबाजी यावी म्हणून १९०३ मध्ये एक राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले होते आणि १९१६ पासून नागरी नेमबाजी संचालकाच्या कार्यालयामार्फत राष्ट्रीय रायफल संघटनेच्या सदस्यांना शिलकी शस्त्रे विकली जाऊ लागली. पहिल्या महायुद्धानंतर जुन्या क्रॅग रायफली या मार्गाने दीड डॉलरला मिळत. क्रॅगची यंत्रणा लोण्यासारखी मऊ चाले, पण तिच्या बोल्टला पुढे एकच खुंट असल्याने ती जोरदार काडतुसांना पेलणारी नव्हती. तरी हरणाच्या शिकारीला ती पुरेशी होती आणि ग्रामीण भागात बापाची कापलेली क्रॅग मुलाची पहिली रायफल होणे हे नेहमीचे झाले. शस्त्रागाराने स्वतःही १९२४ पासून शिकारी दस्त्याची स्प्रिंगफील्ड बनवून संघटनेच्या सदस्यांना विकली. न्यूयॉर्कचे फ्रान्सिस बॅनरमन तर या धंद्याचे सम्राटच होते. स्पेनबरोबरच्या युद्धात हस्तगत झालेल्या मालाचा मोठा वाटा त्यांनी विकत घेतला. तो ठेवायला शहरात जागा आणि परवानगी मिळेना तेव्हा त्यांनी १९०० मध्ये हडसन नदीतील पोलेपेल बेट घेऊन त्यावर किल्ल्याच्या आकाराचे गोदाम बांधले. त्यांच्या जाड कॅटलॉगमधून तोफेपासून सैनिकाच्या बटणापर्यंत काहीही मागवता येई.

स्वस्त रायफलीबरोबर तिचे दोषही विकत घेतले जात आणि स्प्रिंगफील्डच्या बाबतीत तो दोष गंभीर होता. १९१७ मध्ये काही रायफलींचे रिसीव्हर गोळी झाडताना काचेसारखे तडकले. चौकशीत कारण भट्टीत सापडले. घडाईआधी पोलाद किती तापले हे कारागीर डोळ्यांनी, रंगावरून ठरवत असत. ढगाळ दिवशी जो रंग योग्य दिसे तोच लख्ख उन्हाच्या दिवशी फिका भासे आणि पोलाद शंभर-दीडशे अंशांनी जास्त तापवले जाई. त्यामुळे ते जळून ठिसूळ होई. भट्ट्यांवर तापमापक बसवल्यावर हा प्रकार कळला आणि १९१८ पासून दुहेरी पाणी देण्याची नवी पद्धत सुरू झाली. तेव्हापासून स्प्रिंगफील्ड शस्त्रागाराच्या आठ लाखांखालच्या आणि रॉक आयलंड शस्त्रागाराच्या २,८५,५०७ खालच्या क्रमांकांच्या रायफली धोक्याच्या मानल्या जातात. सैन्याने त्या हळूहळू बाजूला केल्या, पण बाजारात आणि खासगी हातांत त्या राहिल्याच. या क्रमांकाच्या रिसीव्हरवर सुबक नक्षीचा दस्ता चढवला म्हणून त्याचे पोलाद बदलत नाही. जुन्या फौजी रायफलीचा व्यवहार करणाऱ्याला पहिला धडा क्रमांक वाचण्याचा मिळे, आणि त्यावर आजही तडजोड करू नये.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेकडे स्प्रिंगफील्ड पुरेशा नव्हत्या. त्यासाठी ब्रिटनकरिता अमेरिकेतच बनत असलेली एनफिल्ड रायफल .३०-०६ काडतुसासाठी बदलून घेण्यात आली. विंचेस्टर, रेमिंग्टन आणि एडीस्टोन या तीन कारखान्यांनी १९१७च्या नमुन्याच्या सुमारे २२ लाख रायफली तयार केल्या. मूळ रचना एका ताकदवान प्रायोगिक काडतुसासाठी झालेली असल्याने तिची यंत्रणा लांब आणि भक्कम होती. दिसायला ती ओबडधोबड होती. मागच्या साइटच्या रक्षणासाठी दोन्ही बाजूंना कानांसारखे उंचवटे आणि मॅगझिनखाली बाक आलेला. हे कान कानशीने आणि घासचाकाने उतरवणे हे तिच्यावरचे पहिले काम असे. एडीस्टोनमध्ये नळ्या इतक्या घट्ट आवळल्या होत्या की त्या काढताना काही वेळा रिसीव्हरलाच बारीक तडा जाई. तरीही हत्ती-गव्यासाठीची मोठी काडतुसे वापरू पाहणाऱ्या, पण खास इंग्लिश रायफल न परवडणाऱ्या माणसाला हीच यंत्रणा हाती लागे. रेमिंग्टनने युद्धानंतर उरलेले सुटे भाग वापरून १९२१ मध्ये ‘मॉडेल ३०’ ही शिकारी रायफल काढली. १९२५ मध्ये विंचेस्टरची ‘मॉडेल ५४’ आली. बदललेल्या स्प्रिंगफील्डनी जी बाजारपेठ तयार केली होती, तिच्यात मोठे कारखाने मागाहून उतरले.

युरोपातील चित्र वेगळे होते, कारण तिथे कारागिराच्या आधी कायदा उभा असे. व्हर्सायच्या तहानंतर जर्मनीत लष्करी रायफली आणि लष्करी काडतूस नागरिकांकडे राहण्यावर बंधने आली. सैन्याचे काडतूस होते ८×५७. कारागिरांनी नळीमागचे काडतुसाचे घर तीन मिलिमीटरने लांब केले आणि ८×६० हे नवे शिकारी काडतूस तयार झाले. नळी तीच, गोळी तीच, पण रायफल आता लष्करी बोरची राहिली नाही. फ्रान्सने १९३९च्या एप्रिलमध्ये काढलेल्या फर्मानाने लष्करी बोरच्या शस्त्रांना वेगळ्या, कडक वर्गात टाकले. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या शिकाऱ्यांच्या हाती आलेल्या जर्मन माउझर त्याच ८×६० मध्ये बदलल्या गेल्या. ही विभागणी फ्रान्समध्ये २०१३ पर्यंत टिकली. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्येही लष्करी बोरवर बंधन होते. तिथे लिथगोच्या सरकारी कारखान्यात १९१२ पासून बनलेल्या .३०३ ली-एनफिल्ड मुबलक होत्या. त्यांच्या काडतुसाचे तोंड आवळून .२५ इंचाची गोळी बसवलेले .३०३/२५ काडतूस निघाले आणि कांगारू व ससे मारणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये ते घरोघर पोचले.

लष्करी बोरच्या याच प्रश्नाला भारतात सर्वांत दूरगामी उत्तर मिळाले. ब्रिटिश सरकारला भीती होती ती काडतुसांची. फौजेच्या कोठारातून चोरलेली किंवा सरहद्दीवरून आणलेली काडतुसे खासगी रायफलीत चालू नयेत, हा शस्त्रविषयक नियमांमागचा हेतू होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० बोरच्या रायफली भारतात आणण्यास बंदी झाली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीही त्याच बोरच्या होत्या. या एका बंदीने लंडन आणि बर्मिंगहॅमच्या कारखानदारांना .४६५, .४७० अशी नवी काडतुसे काढायला भाग पाडले आणि आफ्रिकेत हत्तीच्या शिकारीत गाजलेली ही काडतुसे मुळात भारतीय नियमाची अपत्ये आहेत. फौजेचे .३०३ हेही सामान्य परवानाधारकाला मिळेनासे झाले. मग ली-एनफिल्डच्या यंत्रणेला चालेल असे, कड असलेले, पण ब्रिटिश सैन्यात नसलेले काडतूस हवे होते. ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात सापडले: ८×५० मॅनलिशर. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनीने लीच्याच यंत्रणेवर या बोरच्या शिकारी रायफली भारतासाठी बनवल्या. भारतात तेच काडतूस .३१५ या नावाने रुळले.

स्वातंत्र्यानंतरही ही रेषा पुसली गेली नाही. १९५९चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम यांनी .३०३ ला प्रतिबंधित बोरच्या यादीत ठेवले आणि .३१५ परवान्यावर मिळत राहिली. सरकारी आयुध कारखान्यांनी ली-एनफिल्डच्या घराण्यातली बोल्टची .३१५ स्पोर्टिंग रायफल तयार केली. उत्तर हिंदुस्थानातील जमीनदारापासून विदर्भातल्या परवानाधारकापर्यंत अनेकांच्या भिंतीवर तीच दिसे. तिची काडतुसे पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनत आली आहेत. १८६९ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्याची ‘केएफ’ ही अक्षरे काडतुसाच्या बुडावर असतात. दुसऱ्या महायुद्धाआधीच ऑस्ट्रियाच्या सैन्याने सोडून दिलेले काडतूस खडकीत दशकानुदशके तयार होत राहिले, ते केवळ भारतातल्या बोरविषयक नियमामुळे. उलट दिशेचा बदलही भारतातच झाला. ब्रिटिश काळात इशापूर येथे ली-एनफिल्डच्या नळ्या आतून गुळगुळीत करून, मॅगझिनची जागा लाकडाने भरून, .४१० बोरच्या एकबारी मस्केट तयार केल्या गेल्या आणि पोलीस व पहारेकऱ्यांना दिल्या गेल्या. ज्याच्यावर पुरता विश्वास नाही अशा माणसाच्या हाती देण्यासाठी रायफलीची ताकद मुद्दाम कमी केलेली होती.

भारतातील नावाजलेल्या शिकारी रायफलींत जिम कॉर्बेट यांची .२७५ रिग्बी मोडते. ती शिलकी माल नव्हती; चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये त्यांना ती भेट मिळाली. परंतु तिची यंत्रणा ओबर्नडॉर्फच्या माउझरची होती आणि .२७५ रिग्बी हे ७×५७ माउझर या लष्करी काडतुसाचेच इंग्लिश नाव. हेच काडतूस स्पॅनिश सैनिकांनी क्यूबात अमेरिकनांविरुद्ध आणि बोअर शेतकऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांविरुद्ध वापरले होते. लष्करी रचनेची शिकारी रायफल श्रीमंतांच्या वाटेने आली ती अशी, आणि गरिबांच्या वाटेने आली ती लिलावातून.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा लिलाव जगाएवढा झाला. पराभूत जर्मनी आणि जपानची, तशीच नव्या नमुन्यांवर गेलेल्या ब्रिटन, इटली, स्वीडन, स्पेन आणि लॅटिन अमेरिकेतील देशांची लाखो शस्त्रे एकदम मोकळी झाली. अमेरिकी सैनिकांनी हस्तगत केलेल्या माउझर आणि अरिसाका रायफली सामानात घालून घरी आणल्या. जपानी अरिसाकाची अडचण होती काडतुसांची. अमेरिकेत ती मिळत नसत. म्हणून ७.७ मिलिमीटरच्या रायफलींची घरे .३०-०६ साठी बदलली गेली. दिसायला खडबडीत असल्याने या रायफली कमकुवत समजल्या जात. कोलोरॅडोतील बंदूक कारागीर पी. ओ. ॲकली यांनी निरनिराळ्या यंत्रणा जाणूनबुजून जास्त दाबाच्या काडतुसांनी फोडून पाहिल्या, तेव्हा अरिसाकाच सर्वांत शेवटपर्यंत टिकली. जुनी पडलेली प्रत्येक रायफल सारखीच, हा समज अशा चाचण्यांनी मोडून काढला.

सॅम्युएल कमिंग्ज यांनी १९५३ मध्ये काढलेली इंटरआर्म्स ही कंपनी या व्यापारात सर्वांच्या पुढे गेली. व्हर्जिनियातील अलेक्झांड्रियात तिची गोदामे होती. देशोदेशींच्या संरक्षण खात्यांकडून सबंध कोठार विकत घ्यायचे, रायफली साफ करून पिंपांत भरून दुकानांत पाठवायच्या, अशी तिची पद्धत होती. नव्या कारखानी रायफलीच्या किमतीच्या काही अंशात माउझर मिळत असल्याने गिऱ्हाईकाला स्वतःच्या हाताने काम करण्याची उमेद येई. त्यातून मोठा जोडधंदा उभा राहिला. मिसूरीतील बिशप आणि फायेन यांच्या कारखान्यांतून अर्धवट कोरलेले अक्रोडाचे दस्ते टपालाने घरी येत. आतली खोबण शेवटी हाताने, छिन्नीने आणि काजळी लावून लागते कुठे ते पाहत जुळवायची. टेक्सासमधील वीव्हरच्या स्वस्त दुर्बिणी होत्या. लष्करी बोल्टचा दांडा सरळ बाहेर निघालेला असे. वर दुर्बीण बसवली की तो तिच्यावर आपटे, म्हणून तो तापवून खाली वाकवावा किंवा कापून नवा जोडावा लागे. माउझरचा सुरक्षेचा खटका दुर्बिणीखाली हलत नसे, त्यासाठी बुइलर यांनी खालच्या बाजूने फिरणारा खटका काढला. टिम्नी यांचे हलके चाप आले. शेवटी नळी पॉलिश करून तिला निळा रंग चढवला जाई.

ही कामे सोपी वाटली तरी त्यांतली काही जपून करण्याची होती. बोल्टचा दांडा तापवताना उष्णता पुढच्या खुंटांपर्यंत गेली तर त्यांचे पाणी उतरे आणि रायफल वापरणाऱ्यालाच जीवघेणी ठरे. रिसीव्हरवर दुर्बिणीसाठी पाडलेली भोके वाकडी गेली तर नेम कधीच जुळत नसे. म्हणून घरगुती बदलाबरोबर शिकलेल्या कारागिराची गरजही वाढली. युद्धातून परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी सरकारी मदत मिळत होती. तिच्यावर कोलोरॅडोतील ट्रिनिडॅडच्या सरकारी महाविद्यालयात १९४७ मध्ये बंदूक कारागिरीचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि ॲकली तिथे शिकवत. या वर्गांतील मुलांनी पहिली कानस चालवली ती बहुधा फौजी माउझरवर.

इतर देशांत या कामाचे रूप स्थानिक गरजेप्रमाणे बदलले. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीने ली-एनफिल्डच्या नळ्या आखूड करून, वरचे लाकूड काढून, राष्ट्रकुलातील देशांत त्या हजारोंनी पाठवल्या. नॉर्वेत जर्मन सैन्याने शरणागतीच्या वेळी सोडलेल्या माउझरना .३०-०६च्या नळ्या बसवून आधी सैन्यात वापरले गेले, मग त्या रेनडिअर आणि एल्कच्या शिकारीला गेल्या. कॅनडाच्या उत्तरेत मूळनिवासी शिकाऱ्यांच्या हाती ली-एनफिल्ड होती, ती कडाक्याच्या थंडीतही अडत नाही म्हणून. तिथल्या रेंजर दलाने १९४७ पासून तीच रायफल वापरली आणि ती बदलायला सत्तर वर्षे लागली. ली-एनफिल्डचे बोल्ट मागच्या बाजूने अडकते आणि दस्ता दोन तुकड्यांचा असतो. त्यामुळे अतिशय दूरच्या, बारीक नेमाला माउझर बरी. पण बोल्ट पटकन चालवण्यात आणि बर्फ-चिखल सोसण्यात ली-एनफिल्डला तोड नाही.

अमेरिकेतील टपालाने येणाऱ्या रायफलींच्या काळाचा शेवट एका खुनाने झाला. १९६३च्या मार्चमध्ये शिकागोच्या एका क्रीडासाहित्याच्या दुकानाने इटालियन सैन्यातून निघालेली कार्कानो रायफल दुर्बिणीसह १९ डॉलर ९५ सेंटला एका खोट्या नावावर टपालाने पाठवली. त्याच रायफलीने २२ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा खून झाला. पाच वर्षांनी, मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर, ऑक्टोबर १९६८ मध्ये बंदूक नियंत्रण कायदा झाला. राज्याबाहेर टपालाने रायफल विकणे थांबले आणि परदेशी लष्करी शस्त्रांच्या आयातीवर बंदी आली. संग्रहयोग्य जुन्या शस्त्रांपुरती ही बंदी १९८०च्या दशकात सैल झाली. तेव्हा भारतातूनही इशापूरच्या ली-एनफिल्ड तिकडे गेल्या. १९६२च्या युद्धानंतर ७.६२ काडतुसासाठी इशापूरला बनवलेल्या ‘२ए१’ रायफली त्यात होत्या आणि त्यातल्या काही तिथे आखूड करून विकल्या गेल्या. भारतात मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा धंदा आणि छंद दोन्ही जवळजवळ संपले; .३१५ रायफल त्यानंतर स्वसंरक्षणाच्या परवान्यावर टिकून राहिली.

फौजी रायफल बदलण्याचा व्यवसाय ओसरायला बंदीपेक्षा जास्त कारणीभूत ठरले ते अर्थकारण. १९५८ची सॅव्हेज ११० आणि १९६२ची रेमिंग्टन ७०० यांच्या गोल, सळईसारख्या रिसीव्हरवर यंत्राने कमी श्रमात काम होई. या कारखानी रायफली स्वस्त होत गेल्या, तर नळी, दस्ता, चाप आणि दुर्बिणीची भोके यांची मजुरी वाढत गेली. १९५० मध्ये जुन्या माउझरवरचे काम नव्या रायफलीपेक्षा स्वस्त पडे. १९९० पर्यंत ते दुप्पट महाग झाले. त्यातच सैन्याच्या नव्या पिढीतील रायफली स्वयंचलित असल्याने शिकाऱ्याला विकत मिळेनाशा झाल्या आणि बोल्टच्या रायफलींचा झराच आटला.

एकेकाळी पिंपात भरून मिळणाऱ्या रायफली आता दुर्मीळ आहेत. सैन्याच्या मूळ रूपातली, सर्व क्रमांक जुळणारी माउझर किंवा स्प्रिंगफील्ड संग्राहक कापलेल्या रायफलीच्या कित्येक पट किमतीला घेतात. काही नमुन्यांच्या मूळ रायफली इतक्या मोठ्या प्रमाणावर कापल्या गेल्या की त्यांच्या उत्पादनाचा इतिहास लिहिताना उरलेल्या मोजक्या नगांवर विसंबावे लागते. ही हानी खरी आहे. पण त्या काळी त्या रायफलींची दुसरी गत वितळभट्टीची होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे. आता काही कारागीर उलट काम करतात. जुने लाकूड, पट्ट्या, साइट गोळा करून कापलेल्या रायफलीला पुन्हा सैन्याचे रूप देतात. ज्यांच्या रिसीव्हरला भोके पडली आहेत किंवा एनफिल्डसारखे कान घासून गेले आहेत, त्यांना हे शक्य नसते. ग्रिफिन अँड हाउ किंवा सेजली यांच्या हातच्या जुन्या स्पोर्टर मात्र कोणी परत फिरवत नाही. त्यांना स्वतंत्र वस्तू म्हणून लिलावात मोल मिळते आणि संग्रहालयांत त्या स्प्रिंगफील्डच्या सैनिकी नमुन्यांशेजारी ठेवल्या जातात.